गोठा, परडे आणि घर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळच्या टपालात रोगराईपेक्षा घरातल्या माणसांविषयीची पत्रे अधिक आहेत. सासू, सून, शाळकरी मुलगा, म्हातारे वडील आणि शहरातून परतलेले जोडपे अशी सारी मंडळी गाय, शेळी आणि कोंबडी यांच्या निमित्ताने भेटीला आली. हे सदर लिहिणारा सातारा जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला आहे. त्यामुळे जनावरांबद्दल जे लिहिले आहे ते नोकरीच्या अनुभवावरून आणि माणसांबद्दल जे लिहिले आहे ते स्वतःच्या तीस गुंठ्यांतल्या संसारावरून, असा फरक वाचकांनी मनात धरावा.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी पुण्यातील नोकऱ्या सोडून गावी आलो आहोत. घराला लागून वीस गुंठे जमीन आणि एक विहीर आहे. घरात आम्ही दोघे, सासूबाई आणि सात व चार वर्षांची दोन मुले आहोत. येत्या वर्षभरात एक संकरित गाय, पाच शेळ्या, पंचवीस कोंबड्या आणि भाजीपाल्याची परसबाग असा बेत केला आहे. सुरुवात कशापासून करावी? (एक दांपत्य, कोरेगाव तालुका)

उत्तर : बेत चांगला आहे. मात्र पत्रात तुम्ही जनावरे मोजली आहेत, हात मोजलेले नाहीत. सासूबाईंचे वय तुम्ही लिहिलेले नाही आणि मुले लहान आहेत, म्हणजे काम करणारे हात चारच धरावे लागतील, आणि त्यांतले दोन हात स्वयंपाक, शाळेचे डबे आणि आजारपणे यांतही गुंतलेले असणार.

सर्वांत जड हिशेब गाईचा आहे, म्हणून तो आधी पाहू. दिवसाला दहा लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला वीस ते पंचवीस किलो हिरवा चारा, पाच-सहा किलो कडबा किंवा दुसरा वाळलेला चारा आणि त्यावर दुधाच्या मानाने आंबोण, म्हणजे पेंड-भरड्याचा खुराक लागतो. संकरित नेपियरला पाणी आणि शेणखत नियमित मिळाले, तर एका गुंठ्यातून वर्षाकाठी साधारण दीड टन हिरवा चारा निघतो. या हिशेबाने एका गाईसाठी पाच-सहा गुंठे नुसत्या गवताखाली जातील. तेही एकट्याने पुरत नाही, कारण नेपियरमध्ये ऑक्झॅलेट असते आणि ते जनावराच्या अंगातील कॅल्शियम अडवते; त्याला मेथीघास किंवा दशरथ घासाची जोड द्यावी लागते. गाय दिवसाला साठ ते ऐंशी लिटर पाणी पिते, आणि धुण्याचे पाणी वेगळे. तुमच्या विहिरीत मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात किती पाणी राहते, हे तुम्हांला अजून ठाऊक नाही. शेजाऱ्याला विचारा, पण एक उन्हाळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज दावणीला गाय बांधू नका.

आपल्या भागात कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाचे वाडे, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, स्वस्त होते आणि नवखा माणूस त्यावरच चार महिने काढतो. वाड्यातही ऑक्झॅलेट असतेच, म्हणून ते कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून आणि दुसऱ्या चाऱ्यात मिसळूनच घालावे. दुसरी सूचना त्याहून महत्त्वाची आहे. ज्वारीचे कोवळे पोंगे, विशेषतः पाण्याचा ताण बसलेले किंवा कापणीनंतर फुटलेले, जनावराच्या तोंडी लागू देऊ नका. यालाच किराळ लागणे म्हणतात. या विषबाधेत जनावर डॉक्टर येईपर्यंतही राहत नाही, आणि नोकरीत मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की बांधावर हिरवी पोंग दिसली तरी आजही माझा हात आपोआप दाव्याकडे जातो.

तेव्हा पहिल्या पावसाळ्यात परसबाग आणि आठ-दहा कोंबड्या एवढेच करा. पाच माणसांच्या भाजीला दोन गुंठे पुष्कळ होतात. मृगाच्या पावसावर दोडका, घेवडा, गवार आणि भेंडी; मोरीच्या पाण्यावर अळू आणि दोन केळी; बांधावर शेवगा, हादगा आणि कढीपत्ता. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हळदीचे चार गड्डे लावले, तर आठ-नऊ महिन्यांनी घरची हळद निघेल. मेथी, कोथिंबीर आणि पालक दिवाळीच्या पुढे-मागे घ्यावेत. कच्चे शेण वाफ्यात कधीही घालू नये, कारण त्यातून हुमणी येते आणि ती मुळे खाऊन रोप उभेच्या उभे वाळवते. उकिरड्यात चांगले कुजलेले, वास गेलेले आणि भुसभुशीत झालेले खतच वापरावे.

दिवाळीनंतर दोन शेळ्या आणाव्यात, पाच नव्हेत. उस्मानाबादी जातीच्या दोन चांगल्या पाटी, म्हणजे तरुण माद्या, घेतल्या, तर त्या जातीत जुळी होणे ही नवलाई नसल्यामुळे आणि गाभणकाळ पाच महिन्यांचा असल्यामुळे, दोनाच्या पाच-सहा व्हायला वर्षाच्या वर फारसा वेळ लागत नाही. बोकड पाळण्याची घाई नको. गावात कोणाकडे ना कोणाकडे असतोच. पावसाळ्याच्या तोंडी आंत्रविषाराची लस आणि पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या बुळकांडीची लस टोचून घ्यावी, एवढे विसरू नये.

गाय तिसऱ्या टप्प्यात. त्याआधी एक अट आहे: घरातल्या किमान दोघांना धार काढता आली पाहिजे. सकाळची आणि संध्याकाळची धार लग्न, तेरावे किंवा मुलाची परीक्षा पाहत नाही. एकाच माणसाला धार येत असेल, तर ते माणूस वर्षानुवर्षे माहेरी मुक्कामाला जात नाही, आणि ते माणूस कोण असते हे मी वेगळे लिहायला नको. एका गाईवर गोबरगॅसचाही विचार करू नका. दोन घनमीटरच्या लहान संयंत्रालासुद्धा रोज पंचेचाळीस-पन्नास किलो शेण लागते, म्हणजे तीन-चार मोठी जनावरे हवीत.

मुलांविषयी तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. सात वर्षांच्या मुलाला अंडी गोळा करायचे काम द्या, जनावरांना पाणी पाजण्याचे देऊ नका. अंडी विसरली तर फार तर मुंगूस खाईल, पाणी विसरले तर मुके जनावर दिवसभर सोसते आणि मुलाला उगीच बोलणी बसतात.

प्रश्न : आमच्या गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाय आहे. पहाटे पाचपासून शेणघाण, धारा, वैरण आणि डेअरीला दूध पोचवणे हे सर्व मी करते. दर दहा दिवसांनी दुधाचे बिल सासऱ्यांच्या खात्यावर जमा होते. माझ्या हातात अंड्यांचे पैसे तेवढे येतात. काही बोलले, तर “पैसे घरातच आहेत की” असे उत्तर मिळते. मला भांडण करायचे नाही, पण हे मनाला लागते. (एक सून, वाळवा तालुका)

उत्तर : ताई, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार मला कितपत आहे, हे आधी सांगतो. माझ्या घरी अकरा वर्षे दुधाचे खाते माझ्या नावावर होते. त्या अकरा वर्षांत मी धार किती वेळा काढली असेल, तर पत्नी बाळंतपणाला गेली तेव्हा आणि तिचा हात मोडला तेव्हा. बिल आले की मी ते पाकिटात घालत असे आणि त्यात वाईट काही आहे, असे मला वाटतही नव्हते. एके दिवशी तिने पेंडीच्या पोत्याचे पैसे दुकानदाराला देण्यासाठी माझ्याकडे मागितले आणि मी तिला “कशाला?” असे विचारले. ती काही बोलली नाही. पण तिच्या चेहऱ्यावरून मला कळले की गोठ्यात पेंड संपली आहे हेसुद्धा ज्याला ठाऊक नाही, असा माणूस त्या गोठ्याचा धनी म्हणून डेअरीच्या वहीत नोंदलेला आहे.

तुमचे सासरे वाईट आहेत, असे तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही. त्यांच्या पिढीत दुधाच्या पैशांतून बी-बियाणे, सोसायटीचा हप्ता आणि लग्नकार्ये निघाली, म्हणून ते पैसे म्हणजे घराचे पैसे, अशी त्यांची समजूत पक्की झालेली असते. त्यामुळे “माझे पैसे द्या” या शब्दांनी सुरुवात केली, तर ते शब्द त्यांना घर फोडणारे वाटतील. सुरुवात वहीने करा. एक महिनाभर रोजचे दूध, डेअरीच्या पावतीवरचे फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीज दुधातले घन घटक), पेंड, सुग्रास, विकतची वैरण, डॉक्टरची फी आणि रेतनाचा खर्च हे सारे लिहून ठेवा. यात एक गोष्ट तुमच्याही अंदाजाविरुद्ध जाईल, तिची तयारी ठेवा: दूधधंद्यातल्या खर्चाचा साठ-सत्तर टक्के भाग चारा आणि आंबोण यांवरच जातो, आणि बिलाच्या आकड्यातून तो वजा केला म्हणजे उरलेली रक्कम आपण समजत होतो त्याहून बरीच लहान निघते. पण ती लहान रक्कम कोणाच्या कामातून आली हे मात्र त्या वहीत स्वच्छ दिसेल, आणि तोंडाने सांगितलेले न पटणाऱ्या वडीलधाऱ्यांना वहीतले आकडे पुष्कळदा पटतात.

त्यानंतर सगळे खाते नव्हे, एका जनावराचे दूध स्वतंत्र क्रमांकावर घालण्याची परवानगी मागा. डेअरीत तुमच्या नावाचा क्रमांक आणि बँकेत तुमच्या नावाचे खाते असणे हा केवळ मानाचा प्रश्न नाही. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून पशुपालनालाही लागू झाली आहे. जनावराचा विमा, कर्ज किंवा संस्थेचे सभासदत्व या सगळ्याला नाव आणि दूध घातल्याची नोंद लागते, आणि ती नोंद आज तुमच्या सासऱ्यांच्या नावावर साठते आहे. एवढेही लगेच जमणार नसेल, तर जुनी रीत आहेच. पूर्वी लेकीला आंदण म्हणून कालवड देत आणि तिचे वेत लेकीचे मानत. पुढे जी कालवड किंवा रेडी जन्मेल ती तुमची, असे घरात सर्वांसमोर ठरवून घ्या. तिचे पहिले दूध डेअरीला जायला तीन वर्षे लागतील हे खरे, पण तोवर घरातल्यांना ती “सूनबाईंची” म्हणायची सवय लागलेली असेल.

आमच्या घरी खाते आता पत्नीच्या नावावर आहे. बिल आले की ती मला मोजून चहापाण्याचे पैसे देते, आणि मलाही ते मनाला लागते.

प्रश्न : माझ्या बारा गावरान कोंबड्या आहेत. सुनेने यंदा परड्यात वाफे केले आणि कोंबड्या ते उकरतात म्हणून तिला त्या कोंडून हव्या आहेत. माझ्या कोंबड्या जन्मापासून मोकळ्या फिरल्या आहेत. कोंडलेल्या कोंबडीचे अंडे ते काय अंडे! दोघींतून मार्ग सांगावा. (एक सासूबाई, तासगाव तालुका)

उत्तर : कोंबडीला तुमच्या सुनेचा राग नाही. नुकतीच खणलेली ओली माती म्हणजे किडे आणि गांडुळे वर आलेले ताट, आणि ते समोर दिसत असताना तिने कडक जमिनीवर का उकरावे? म्हणून कोंबड्या कोंडण्यापेक्षा वाफे कोंडावेत. साडेचार-पाच फूट उंचीची नायलॉनची जाळी पुरते. जाळीच्या वरच्या कडेला बांबू किंवा पट्टी बांधू नये, कारण कोंबडी उडण्यापूर्वी बसायची जागा हेरते आणि कडा लुळी असली की बहुधा प्रयत्न करत नाही. जाळीचा खर्च नको असेल, तर तुरीच्या काटक्यांचे दाट कूड किंवा बाभळीच्या फांद्या लावाव्यात. आपल्या आज्यांनी तेच केले.

त्याचबरोबर वेळही वाटून घ्यावी. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळी ते दुपारच्या सुमारापर्यंत घालतात. तोवर त्या खुराड्यात किंवा त्यापुढच्या लहान आवारात ठेवल्या, तर अंडी शेजाऱ्यांच्या हुडव्यात सापडण्याऐवजी तुमच्याच टोपलीत पडतील. दुपारनंतर त्या दिवेलागणीपर्यंत खुशाल फिरू द्याव्यात, म्हणजे तुमचे अंडे कोंडलेल्या कोंबडीचे ठरणार नाही. एखाद्या वाफ्यातली भाजी संपली की सुनेने स्वतः जाळी उघडून आठवडाभर कोंबड्या आत सोडाव्यात. हुमणीची अळी, गवताचे बी आणि कीड त्या फुकट वेचून काढतात. मात्र खुराड्यातली विष्ठा ताजी असताना रोपांना घालू नये, ती गरम पडते आणि रोप जळते. दोन-तीन महिने पालापाचोळ्यात कुजवून मगच वापरावी.

आता सासूबाईंना थोडे. बारा कोंबड्यांना तुम्ही मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिली आहे का, हे पत्रात नाही. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब नाकात किंवा डोळ्यात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पुढची लस, एवढे केले नाही तर एका आठवड्यात सगळे खुराडे रिकामे झालेले मी पाहिले आहे. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवावीत आणि सातव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून पाहावी. ज्या अंड्यात लाल शिरा दिसत नाहीत ती काढून टाकावीत, म्हणजे एकविसाव्या दिवसापर्यंत कोंबडीची ऊब वाया जात नाही. चुलीची राख एका खड्ड्यात टाकून ठेवली, तर कोंबड्या त्यात लोळून उवा-पिसवा स्वतःच झाडतात.

प्रश्न : आमच्या शेळीने तीन करडे दिली आणि ती मेली. त्यातला एक बोकड माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने बाटलीने दूध पाजून वाढवला, त्याचे नाव ठेवले आणि तो आता त्याच्यामागून शाळेच्या फाटकापर्यंत जातो. गावच्या जत्रेसाठी यजमानांनी त्याचा सौदा केला आहे. मुलाला अजून सांगितलेले नाही. बोकड हरवला असे सांगावे का? (एक आई, खटाव तालुका)

उत्तर : नाही. जत्रेच्या गावात बोकड कोणी आणि कितीला घेतला, हे शाळेतल्या मुलांना दुसऱ्या दिवशी ठाऊक होते. मग तुमच्या मुलाला दोन गोष्टी एकाच वेळी कळतील: बोकड गेला, आणि आई खोटे बोलली. पहिली तो विसरेल.

मी आठ वर्षांचा असताना वडिलांनी आमचा एक बैल पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेच्या बाजारात विकला आणि मला सांगितले की, तो मामाच्या गावी नांगरटीला दिला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामाकडे गेलो आणि एस.टी.तून उतरल्याबरोबर थेट गोठ्यात गेलो. दावणीला एक म्हैस होती. मामाने माझ्याकडे पाहिले आणि त्यालाही काय बोलावे ते सुचले नाही. बैलाचा रंग आज मला नीट आठवत नाही, पण म्हैस आणि मामाचा चेहरा स्पष्ट आठवतो.

सौद्याचा विसार परत करता येत असेल, तर आधी मुलासमोर खरा हिशेब मांडा. वयात आलेला बोकड उग्र वास मारतो, ढुशा देतो आणि लहान मुलांच्या अंगावर जातो. खच्ची केलेला शांत राहतो, पण तोही रोज तीन-चार किलो हिरवा चारा खातो आणि त्या बदल्यात लेंड्यांखेरीज काही देत नाही. घराला ते परवडत असेल, तर ठेवा. त्यात हसण्यासारखे काही नाही, लोक यापेक्षा वाईट गोष्टींवर पैसे घालवतात. परवडत नसेल, तर वडिलांनी सांगावे, आईवर ढकलू नये. निदान आठ-दहा दिवस आधी, शांतपणे आणि “शेतकऱ्याच्या पोराने रडायचे नसते” हे वाक्य न वापरता सांगावे. रडू द्यावे. त्या पैशातून मुलाच्या पसंतीने एक पाट आणावी आणि ती विकायची नाही, हे सर्वांसमोर ठरवावे. जत्रेच्या दिवशी त्या बोकडाचे मटण तुमच्या घरी शिजू नये, आणि पाहुण्यांनी मुलाची थट्टा करू नये, यावर मात्र तुम्ही स्वतः लक्ष ठेवा.

पुढल्या वेळी करडे झाली की पहिल्याच आठवड्यात मुलाला सांगा, यातले कोणते राहणार आणि कोणते जाणार. राहणाऱ्याचे नाव त्याने ठेवावे. जाणाऱ्याला आपल्याकडे “काळे” आणि “बांडे” एवढेच म्हणायची पद्धत आहे.

प्रश्न : माझ्याकडे वडिलोपार्जित वाणाची खिल्लार गाय आहे. दोन लिटर दूध देते. मुलगा म्हणतो, ती विकून होल्स्टिनची संकरित गाय आणू. माझे मन होत नाही. (एक वाचक, वय ७१, आटपाडी तालुका)

उत्तर : काका, दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे. खिल्लार ही ओढकामाची जात आहे, दुधाची नव्हे. तिच्याकडे दूध मागणे म्हणजे पहिलवानाला कीर्तनाला उभे करणे. पण तुमच्या तालुक्याचा उन्हाळा चाळिशीला टेकतो आणि होल्स्टिनच्या रक्ताची गाय पंचवीस-सव्वीस अंशांच्या पुढे तापमान गेले की धापा टाकू लागते, वैरण कमी खाते आणि गाभण राहायला त्रास देते. तिच्यासाठी सावली, पंखा, फवारा आणि रोजचे पाणी हवे. २०१२-१३ च्या दुष्काळात माण आणि आटपाडीकडची जनावरे चारा छावण्यांत उभी होती, तेव्हा कोणते जनावर कडब्याच्या काड्यांवर तग धरत होते, हे मुलाला तुम्हीच सांगा.

खिल्लारच्या खोंडांना पुन्हा मागणी आली आहे, हेही तुम्हांला ठाऊक असेलच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. त्यानंतर चांगल्या वाणाच्या खोंडाला लोक शोधत येतात. उलट संकरित गाईला गोऱ्हा झाला, तर त्याचे करायचे काय, हा प्रश्न प्रत्येक गोठ्यात आहे. तो टाळायचा असेल, तर लिंगवर्गीकृत वीर्यमात्रा वापरावी. त्यात शंभरातल्या नव्वदच्या आसपास कालवडी होतात. तुमची गाय मात्र शुद्ध खिल्लार वळूनेच भरवा. एकदा संकर झाला की तो वाण तुमच्या दावणीतून गेला.

मुलाला दूध हवे आहे आणि ते त्याला मिळाले पाहिजे, कारण तो घर चालवतो. माझे मत विचाराल, तर त्याने गाईऐवजी पंढरपुरी म्हैस पाहावी. खांद्यामागे गेलेली लांब शिंगे असलेली ही म्हैस सोलापूर, सांगली आणि कोल्हापूर या आपल्याच पट्ट्यातली आहे, कडब्यावर निभावते, पाच-सहा लिटर दूध देते आणि म्हशीच्या दुधाला फॅटचा दर मिळतो. बेंदराला तुमच्या दारात खिल्लारही उभी राहील आणि मुलाचे बिलही निघेल.

प्रश्न : मला सहावा महिना आहे. गोठ्यातले काम करावे का? मागच्या महिन्यात आमची एक शेळी गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला. (एक वाचक, कराड तालुका)

उत्तर : वैरण टाकणे, परसबागेत बसून खुरपणे हे डॉक्टरांनी मना केलेले नसेल तर करावे. मात्र गाभडलेल्या शेळीला, तिच्या वारेला, स्रावाला किंवा मेलेल्या करडाला तुम्ही हात लावू नये, आणि घरातल्या इतरांनीही हातमोज्यांशिवाय लावू नये. गाभडण्याची काही कारणे, विशेषतः ब्रुसेल्ला हे जंतू, माणसालाही जडतात. मागच्या महिन्यात तुमचा हात लागला असेल, तर तुमच्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. ते आपण होऊन विचारतीलच असे नाही. शेळीचे रक्त तपासून घ्यावे. वार आणि मेलेले करडू कुत्र्यांपुढे न टाकता चुना घालून खोल पुरावे. दूध, मग ते गाईचे असो की शेळीचे, उकळूनच प्यावे. धारोष्ण दुधाचे कौतुक सांगणारे पाहुणे येतील. त्यांना चहा द्यावा.

प्रश्न : आमचे घर आणि गोठा कृष्णाकाठी आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी आत आले. नवा गोठा बांधताना काय पाहावे? (एक वाचक, पलूस तालुका)

उत्तर : आधी जागा, मग गोठा. ऑगस्ट २०१९ ची पाण्याची खूण तुमच्या भिंतीवर असेलच. गव्हाण त्या खुणेच्या वर नेणे बहुतेकांना शक्य नसते, म्हणून उंच जोते बांधण्यात पैसे घालण्यापेक्षा गावातल्या उंच जागेवर कोणाच्या तरी परड्यात दोन जनावरे आठ दिवस बांधण्याची बोली उन्हाळ्यातच करून ठेवा. पाऊस सुरू झाल्यावर अशी जागा मागायला सारा गाव निघतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी चाळीस फूट आणि धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट धरतात. तुमचे गाव पुलाच्या वरच्या अंगाला आहे, तेव्हा पुलावर किती फूट असताना आपल्या ओढ्यात पाणी मागे चढते, हे दोन्ही पुरांच्या आठवणीवरून गोठ्याच्या दारावर लिहून ठेवा आणि त्याच्या दोन फूट आधी जनावरे हलवा. गाभण आणि नुकती व्यालेली जनावरे पहिल्यांदा न्यावीत, कारण ती पाण्यातून चालताना बिचकतात. चार दिवसांचा कडबा आणि पेंडीचे एक पोते माडीवर हवे. पूर ओसरल्यावर भिजलेली पेंड आणि बुरशी आलेली वैरण जनावरांना घालू नये, ती कितीही महाग घेतलेली असली तरी.

दावे बांधताना खुंट्याला पक्की गाठ मारण्याची आपली सवय असते. पावसाळ्याचे चार महिने ती सोडा आणि एका ओढीत सुटणारी गाठ मारा. ती गाठ घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्या आईला आणि सातवीतल्या मुलीलासुद्धा, दिवे गेलेले असताना चाचपून सोडता येते का, ते जून महिन्यात एकदा रात्री करून पाहा.